संगणक जुना झाला, की जुना ठरवला गेला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची नेहमीची मोफत देखभाल बंद केली. जुलै २०१५ मध्ये बाजारात आलेली ही प्रणाली दहा वर्षे जगातील कोट्यवधी संगणकांवर चालत आली होती. देखभाल थांबली त्या दिवशी यांपैकी एकही संगणक त्या कारणाने बिघडला नाही. कुणाचा पडदा काळा झाला नाही, कुणाच्या कळफलकाने संप पुकारला नाही. तरीही आदल्या दिवशी उपयुक्त असलेली यंत्रे दुसऱ्या दिवशी ‘कालबाह्य’ या सदरात जाऊन बसली. पुढची प्रणाली, ‘विंडोज ११’, ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हाच कंपनीने अट घातली होती की ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय आणि साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर ज्या यंत्रात नाही, त्या यंत्राला ही प्रणाली अधिकृतपणे मिळणार नाही.

या निर्णयाच्या आधीपासून एक वेगळी तक्रार सर्वत्र ऐकू येत होती. शाळेतला संगणक सुरू व्हायला पाच-सात मिनिटे घेतो, पतसंस्थेतला संगणक खातेदाराला ताटकळत ठेवतो, कामगार संघटनेच्या कार्यालयातला संगणक सभासदांची यादी उघडतानाच गोठतो. ‘यंत्र जुने झाले, आता नवे घ्या,’ असा सल्ला विक्रेता देतो आणि कार्यकारिणीही तो मुकाट्याने मान्य करते. अशा रीतीने दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. एक मंदपणाचा, दुसरा कंपनीने देखभाल थांबवल्याचा. पहिल्याचे कारण यंत्रात आहे आणि ते थोडक्या पैशांत दूर होते. दुसऱ्याचे कारण यंत्राबाहेर, मालकी आणि नफा यांच्या संबंधांत आहे. हे दोन प्रश्न वेगळे केले नाहीत, तर सार्वजनिक पैसा आणि चालती यंत्रे या दोहोंचा नाश होतो. म्हणून या वरवर तांत्रिक दिसणाऱ्या विषयाकडे समाजवादी कार्यकर्त्याने दुर्लक्ष करता कामा नये.

मंदपणाचे मूळ कोठे?

संगणकात मुख्यतः तीन अवयव एकमेकांच्या साहाय्याने काम करतात. हिशेब करणारा प्रोसेसर, हाताशी असलेली माहिती तात्पुरती धरून ठेवणारी रॅम आणि सर्व दस्तऐवज कायमचे सांभाळणारी डिस्क. कार्यालयाची उपमा द्यायची तर प्रोसेसर हा कारकून, रॅम हे त्याचे मेज आणि डिस्क हा दप्तरखाना. कारकून कितीही चपळ असला, तरी दप्तरखान्यातून फायली आणणारा शिपाई एका वेळी एकच फाईल घेऊन सावकाश येत असेल, तर कारकुनाचा बहुतेक वेळ हातावर हात ठेवून बसण्यात जातो. जुन्या संगणकांची नेमकी हीच अवस्था आहे.

ज्या हार्ड डिस्कवर ही यंत्रे चालतात, तिची कल्पना १९५६ सालची आहे. त्या वर्षी आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ या यंत्रासाठी पहिली डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांच्या त्या अवाढव्य पेटीत सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत असत. पुढे आकार लहान झाला, साठा लाखो पटींनी वाढला. तथापि मूळ तत्त्व तेच राहिले. फिरणाऱ्या तबकडीवर एक बारीक भुजा सरकत जाते आणि हव्या त्या ठिकाणची माहिती वाचते. मेजावरच्या संगणकातली सर्वसाधारण तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीस सेकंदाचा सुमारे एकशेविसावा भाग लागतो. भुजेने जागेवर पोचण्याचा वेळ त्यात मिळवला, तर विखुरलेल्या लहान लहान नोंदी शोधताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास वेळा हालचाल करू शकते. याउलट तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तबकडीच्या एकाच फेरीच्या अवधीत अडीच कोटी ठोके घेतो. या दोन वेगांमधली दरी म्हणजेच संगणकाचा मंदपणा. यंत्र सुरू होताना हजारो लहान फायली वाचाव्या लागतात, आणि काळ लोटतो तसतशी प्रणाली व तिच्यावरचे कार्यक्रम अधिकाधिक वजनदार होत जातात. कारकून म्हातारा झालेला नसतो; शिपायाच्या डोक्यावरचा भारा तेवढा वाढलेला असतो.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, या साधनात फिरणारी तबकडीही नसते आणि सरकणारी भुजाही नसते. माहिती विद्युत्भाराच्या रूपाने चिपमध्ये साठवली जाते आणि कोणत्याही कोपऱ्यातील नोंद सेकंदाच्या सुमारे दहाहजाराव्या भागात हाती येते. सलग मोठी फाईल वाचण्याचा वेग सर्वसाधारण सॅटा जोडणीवर सेकंदाला पाचशे मेगाबाइटच्या पुढे जातो. पण खरा फरक पडतो तो विखुरलेल्या लहान नोंदींच्या बाबतीत, कारण तेथे वेग शेकडो पटींनी वाढतो. काही मिनिटे घेणारा संगणक अर्ध्या-पाऊण मिनिटात कामाला उभा राहतो, तो याच कारणाने.

ज्या फ्लॅश स्मृतीवर हे साधन उभे आहे, तिचा जनक फुजिओ मासुओका हा जपानी अभियंता. तोशिबा कंपनीत नोकरीला असताना त्याने १९८४ मध्ये तिचा पहिला प्रकार आणि १९८७ मध्ये आज सर्वत्र वापरला जाणारा ‘नँड’ प्रकार जगापुढे मांडला. या शोधातून पुढे प्रचंड उद्योग उभा राहिला. संशोधकाला मात्र आपल्या मोबदल्यासाठी २००४ मध्ये कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले, आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. मागणी होती शंभर कोटी येनची. श्रमाचे फळ आणि श्रमिक यांच्यातील अंतर केवळ गिरणीच्या खात्यातच असते असे नाही, ते प्रयोगशाळेतही असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

उपचार आणि त्याच्या मर्यादा

उपचार साधा आहे. जुन्या डिस्कवरील सर्व मजकूर आधी वेगळ्या ठिकाणी जतन करावा, मग अडीच इंची सॅटा एसएसडी पेटीत बसवून तीच वीजजोडणी व तीच केबल तिला द्यावी, आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर उतरवावी किंवा प्रणाली नव्याने घालावी. माहितगार कारागिराला हे काम अर्ध्या दिवसापेक्षा अधिक लागत नाही. संघटनेच्या कार्यालयास पुरेल अशी २४० ते २५६ गिगाबाइटची एसएसडी २०२४ साली दीड-दोन हजार रुपयांच्या घरात मिळत होती. त्याच सुमारास कामापुरता नवा संगणक पडद्यासह घ्यायचा, तर तीस-चाळीस हजारांची तरतूद करावी लागे. रॅम चार गिगाबाइट असेल, तर तीही आठ करून घ्यावी, कारण मेजच अपुरे असेल, तर शिपाई बदलून भागत नाही. जुनी हार्ड डिस्क ठणठणीत असेल, तर ती टाकून न देता प्रती ठेवण्यासाठी वापरावी.

तथापि या उपचाराविषयी अवास्तव आशा बाळगणे बरे नव्हे. इंटरनेटची जोडणीच संथ असेल, तर एसएसडी तिला वेग देऊ शकत नाही. प्रोसेसर पंधरा वर्षांपूर्वीचा आणि तोही सर्वांत स्वस्त प्रतीचा असेल, तर यंत्र लवकर सुरू होईल, पण आजची जड संकेतस्थळे पेलताना धापाच टाकेल. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुधा खरखर करून सूचना देते. एसएसडी पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते. दीर्घकाळ विजेविना ठेवलेल्या एसएसडीतील मजकूर पुसट होण्याचा धोकाही असतो, म्हणून जुने दप्तर जपण्यासाठी तिच्यावर विसंबून राहू नये. तिच्यावर लिहिण्याची संख्या मर्यादित असते हे खरे. पण कार्यालयाच्या नित्याच्या कामात ती मर्यादा गाठायला अनेक वर्षे लागतात. सारांश, यंत्र कोणत्या अवयवापायी अडले आहे, हे आधी तपासावे आणि मग खर्च करावा. हा साधा व्यवहार आहे. पण नव्या खरेदीच्या घाईत नेमका तोच विसरला जातो.

घसारा वहीतला आणि वस्तूतला

येथून प्रश्न अर्थशास्त्राच्या प्रांतात शिरतो. आयकराच्या नियमांत २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा धरण्याची तरतूद झाली. त्यापूर्वी हा दर ६० टक्के होता. ४० टक्क्यांच्या दराने चाळीस हजार रुपयांचा संगणक पाचव्या वर्षाच्या अखेरीस वहीत सुमारे तीन हजार शंभर रुपयांचा उरतो. घसारा ही कर आणि नफा मोजण्याची एक रीत आहे, वस्तूच्या प्रकृतीचा दाखला नव्हे. परंतु वहीतला आकडा शून्याकडे झुकला की वस्तूच मेली, असे समजण्याची सवय कार्यालयांना जडली आहे. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत ज्या वहीत या वस्तूंची नोंद होते, तिला ‘डेडस्टॉक’ म्हणतात. त्या वहीतून वस्तूचे निर्लेखन करण्यापूर्वी ती खरोखर ‘डेड’ आहे काय, हा प्रश्न विचारणारा माणूस मात्र क्वचितच आढळतो.

मार्क्सने १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात यंत्राच्या ऱ्हासाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक प्रत्यक्ष झिजेचा. वापरल्याने किंवा पडून राहिल्याने होणारा. दुसरा मूल्याचा, तसेच यंत्र अधिक स्वस्तात बनू लागले किंवा त्याहून सरस यंत्र स्पर्धेत उतरले की धडधाकट यंत्राचेही मोल घटते. विसाव्या शतकाने यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली. यंत्र झिजलेले नाही, नव्या यंत्राची गरजही भासलेली नाही. तरी विकणाऱ्याने ठरवले म्हणून ते जुने. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे युरोप-अमेरिकेतील दिव्यांच्या बड्या कंपन्यांनी ‘फोबस’ नावाचा संघ स्थापून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून बांधले आणि ज्यांचे दिवे अधिक काळ टिकतील, त्या सभासदांवर दंड बसवला, ही गोष्ट इतिहासात नमूद आहे. १९३२ च्या महामंदीत बर्नार्ड लंडन या अमेरिकी गृहस्थाने तर सरकारनेच वस्तूंचे आयुष्य कायद्याने ठरवून द्यावे आणि मुदत संपलेल्या वस्तू नष्ट कराव्यात, म्हणजे कारखाने पुन्हा चालतील, अशी योजना पुस्तिकेच्या रूपाने मांडली. त्या काळी ती अतिरेकी वाटली. आज तिच्यासाठी कायद्याचीही गरज उरलेली नाही. यंत्र ग्राहकाच्या मालकीचे, पण यंत्रात चैतन्य आणणारी प्रणाली कंपनीच्या परवान्यावर. अशी विभागणी झाली की मालक कोण आणि कूळ कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही.

कंपनीची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. कोणतीही प्रणाली अनंत काळ सांभाळणे खर्चाचे असते आणि टीपीएमची अट सुरक्षेसाठी घातली, असे तिचे म्हणणे आहे. यात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. देखभाल थांबलेली प्रणाली इंटरनेटला जोडून ठेवणे खरोखरच धोक्याचे आहे. परंतु व्यक्तिगत ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची आणि संस्थांना दर वर्षी दुप्पट होत जाणारे शुल्क घेऊन त्या तीन वर्षे पुरवण्याची योजना कंपनीने स्वतःच जाहीर केली. याचा अर्थ सरळ आहे. जुन्या यंत्रांची सुरक्षा राखणे अशक्य नव्हते. ते नव्या विक्रीइतके किफायतशीर नव्हते, एवढेच.

दुसरा मार्ग आणि त्यातील खाचखळगे

मग अशा यंत्रांचे काय करावे? एसएसडी बसवून वेगवान केलेल्या, पण विंडोज ११ नाकारणाऱ्या यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली उत्तम चालते. तिच्यासाठी परवान्याचे शुल्क नाही. ती कधी बंद करावी, हे एका कंपनीच्या संचालक मंडळात ठरत नाही. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, टपाल, इंटरनेट ही कामे तिच्यावर होतात. लिब्रेऑफिस हा संच मराठी भाषेतूनही वापरता येतो आणि इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखनाची सोय त्या प्रणालीतच असते.

मराठी कार्यालयांपुढची एक खरी अडचण मात्र लपवून ठेवण्यात अर्थ नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि मुद्रणव्यवसायात तर त्यानंतरही, श्रीलिपी, आकृती यांसारख्या टंकसंचांत वर्षानुवर्षे मजकूर टंकला गेला. नियतकालिकांचे जुने अंक, संघटनांचे ठराव, अधिवेशनांची इतिवृत्ते अशा फायलींत अडकून आहेत आणि त्या टंकसंचाविना उघडल्या तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अशा कार्यालयाने एक यंत्र जुन्या विंडोजवरच ठेवावे, इंटरनेटपासून ते पूर्णपणे तोडावे आणि त्यावरील दप्तराचे क्रमाक्रमाने युनिकोडमध्ये रूपांतर करावे. बाकीची यंत्रे मुक्त प्रणालीवर न्यावीत. हे काम कंटाळवाणे आहे. परंतु चळवळीची कागदपत्रे खासगी टंकसंचाच्या तुरुंगातून सोडवण्याचे ते काम आहे, हेही विसरून चालणार नाही.

हा मार्ग केवळ कल्पनेतला नाही. केरळमध्ये २००१ साली सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ या शासकीय उपक्रमाने सरकारी शाळांतील संगणक शिक्षण टप्प्याटप्प्याने मुक्त प्रणालीवर नेले. २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. ही संस्था शाळांसाठी लिनक्सवर आधारलेली स्वतःची प्रणाली तयार करते आणि ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी मंडळांतून मुलांना यंत्राच्या अंतरंगाचीही ओळख करून देते. सरकारची इच्छा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण या दोन गोष्टी असल्या, तर परवान्यांवर जाणारा पैसा शिक्षणाकडे वळवता येतो, एवढे या उदाहरणाने सिद्ध केले आहे.

भंगाराचा हिशेब

नवे यंत्र वीज कमी खाते, म्हणून जुने टाकणेच पर्यावरणाच्या हिताचे, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच हिशेब आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्या काळचा एक संगणक पडद्यासह तयार करण्यासाठी किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी खर्ची पडत असे. त्यानंतर पडदे बदलले, घडण बदलली. पण चिप बनवणे हा अतिशय शुद्ध पाणी, रसायने आणि वीज गिळणारा उद्योग आहे, ही वस्तुस्थिती बदललेली नाही. दिवसाचे काही तास चालणाऱ्या कार्यालयीन संगणकाच्या बाबतीत ही घडणीच्या वेळची नासाडी विजेतल्या थोड्याशा बचतीने सहजासहजी भरून निघत नाही.

२०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी अवघ्या २२.३ टक्क्यांचे संकलन व पुनर्वापर रीतसर झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला जागतिक अहवाल सांगतो. ई-कचऱ्याच्या निर्मितीत चीन व अमेरिका यांच्या पाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो. उरलेला कचरा कोठे जातो, हे पाहायचे असेल, तर दिल्लीचे सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे जावे. तेथे तांबे आणि सोन्याचा अंश काढण्यासाठी माणसे केबल जाळतात, सर्किटचे पत्रे आम्लात बुडवतात. शिसे, पारा, कॅडमियम ही विषे त्यांच्या श्वासात आणि त्यांच्या वस्तीच्या पाण्यात उतरतात. शहरातल्या कार्यालयात दोन हजार रुपये वाचवण्याचा कंटाळा केला जातो, त्याची किंमत अशी दुसरीकडे, हातमोज्यांविना राबणाऱ्या माणसाला चुकती करावी लागते.

दुरुस्तीचा व्यवसाय हा या प्रश्नाचा दुसरा, आशादायक चेहरा आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातील तपकीर गल्ली, दिल्लीचे नेहरू प्लेस आणि प्रत्येक तालुक्याच्या गावातील एखाद-दुसरे दुकान येथे हजारो कारागिरांचे पोट दुरुस्तीवर चालते. नव्या संगणकाच्या किमतीतला मोठा वाटा परदेशी घटकांवर जातो. दुरुस्तीच्या मजुरीचा रुपया मात्र गावातच राहतो. रोजगाराच्या प्रश्नावर बोलणाऱ्या पक्षाने या कारागिराकडे ‘मेकॅनिक’ म्हणून नव्हे, तर कुशल कामगार म्हणून पाहावयास हवे.

येथे आणखी एका घटनेची नोंद घेणे प्राप्त आहे. एसएसडी हीही शेवटी परदेशी चिपवरच उभी आहे आणि त्या चिपचे उत्पादन जगात मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड डेटा केंद्रांनी स्मृतिचिपचा पुरवठा ओढून घेतला आणि सामान्य ग्राहकासाठी रॅम व एसएसडीच्या किमती चढू लागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम व एसएसडी विकण्याचा आपला व्यवसाय आटोपता घेण्याचे जाहीर केले. वेगाने वाढणाऱ्या क्षेत्रांतील मोठ्या गिऱ्हाइकांना पुरवठा करता यावा, हे त्याचे कारण कंपनीनेच सांगितले. याच कंपनीच्या गुजरातेतील साणंद येथील जुळणी व चाचणी प्रकल्पासाठी २०२३ मध्ये एकूण २७५ कोटी डॉलरच्या खर्चापैकी ५० टक्के साहाय्य केंद्र सरकारने आणि २० टक्के गुजरात सरकारने द्यावयाचे ठरले होते. प्रकल्पाचा ७० टक्के भार भारतीय करदात्याने उचलावयाचा, आणि त्या करदात्याला आपला जुना संगणक दुरुस्त करण्यासाठी लागणारा सुटा भाग मात्र कंपनीने विकावयाचा नाही, या व्यवहाराला विकास म्हणावे काय, हा प्रश्न विधिमंडळात आणि संसदेत विचारला गेला पाहिजे.

काय केले पाहिजे?

कायद्याच्या आघाडीवर हालचाल अगदीच झालेली नाही असे नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एक संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे समितीने प्रथम निवडली. मेजावरचा संगणक या यादीत नावाने नव्हता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी नूतनीकरण करणाऱ्या व्यावसायिकाला वेगळे स्थान दिले, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु नियमांचा रोख अद्याप मुख्यतः कचरा गोळा करण्यावर आहे, वस्तूचा कचरा होऊ न देण्यावर नाही. फ्रान्सने २०१५ मध्ये वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर घटवणे हा गुन्हा ठरवला आणि २०२१ पासून काही विद्युत उपकरणांवर, त्यांत लॅपटॉपही आले, त्यांच्या दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीला चालना देणारा निर्देश संमत केला. भांडवलशाही देशांना जे शक्य झाले, ते येथे अशक्य मानण्याचे कारण नाही.

तथापि कायद्याची वाट पाहत स्वस्थ बसण्याची आवश्यकता नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत, सहकारी पतसंस्था, शिक्षण संस्था यांत जेथे जेथे पक्षाचे सभासद आहेत, तेथे त्यांना एक साधा ठराव मांडता येईल. कोणताही संगणक डेडस्टॉक वहीतून निर्लेखित करण्यापूर्वी त्याची तपासणी व्हावी. एसएसडी आणि रॅम बदलून तो कामाला येतो की नाही, हे लेखी नमूद करावे. आणि दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी असेल, तर दुरुस्तीच करावी. हे काम स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना मजुरी देऊन करवून घेता येईल. वेगवान झालेली, पण कचेरीला नको असलेली यंत्रे अभ्यासिकांना आणि वाचनालयांना द्यावीत. देण्यापूर्वी जुन्या डिस्कवरील मजकूर कायमचा पुसावा. संघटनेच्या सभासदांची नावे, पत्ते आणि वर्गणीची नोंद भंगारवाल्याच्या पोत्यातून मालकाच्या हाती पोचणे परवडणारे नाही.

शासनाकडे करावयाच्या मागण्याही स्पष्ट आहेत. संगणकाच्या दुरुस्तीवरही नव्या संगणकाइतकाच १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तो खाली आणावा. सरकारी खरेदीच्या निविदेत सुटे भाग आणि प्रणालीची देखभाल किमान दहा वर्षे पुरवण्याची अट घालावी. देखभाल थांबवणाऱ्या कंपनीने त्या यंत्रावर दुसरी प्रणाली घालण्याच्या मार्गात कोणताही अडसर ठेवू नये, असे कायद्याने बंधन असावे.

नव्या यंत्राला विरोध करणे हा या सर्व विवेचनाचा उद्देश नाही. समाजवादी विचाराने यंत्राला कधी शत्रू मानले नाही. यंत्र कुणाच्या हातात आणि कुणाच्या हितासाठी, एवढाच त्याचा प्रश्न राहिला आहे. ज्या शाळेत चाळीस मुलांमागे दोन संगणक चालतात आणि आठ धूळ खात पडलेले आहेत, तेथे त्या आठांतले सहा जरी दोन-तीन हजारांच्या खर्चात उठून उभे राहिले, तरी मुलांच्या वाट्याचा वेळ चौपट होतो. हा खर्च मंजूर करणारी माणसे गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांत आणि पंचायतींत बसलेली आहेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालून घेणे, हे कार्यकर्त्याच्या हातचे काम आहे.